शनिवारचा धूर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि तारा, माझी धाकटी बहीण — तिला सांगायची गरजच पडली नसावी, असा मला संशय आहे. पण ते नंतर. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाहीत. समोर माणूस असला की मी अजून गणवेशात असल्यासारखा बोलतो — छाती पुढे, वाक्य छोटं, चूक दुसऱ्याची.

मी हवाई दलात होतो. आधी लढाऊ विमानं उडवली, मग ती उडवणाऱ्या पोरांचा साहेब झालो, मग त्या साहेबांचा साहेब. निवृत्त झालो तेव्हा एअर मार्शल होतो. शहापूर तालुक्यातलं शेणवा, तिथल्या भातशेतीवाल्या घरातला पोरगा एअर मार्शल — आमच्याकडे हे कौतुक अजून संपत नाही. गावात मात्र मी बारकू. जन्मलो तेव्हा मूठभर होतो म्हणून बारकू. पुढे सहा फूट वाढलो, पण नाव काही वाढलं नाही.

तर या बारकूने आपल्या आईला एक थाप मारली. एवढंच? — असं म्हणाल तुम्ही. आईला थाप कोण मारत नाही? थांबा जरा. मला एका दमात नाही सांगता येणार.

आमच्याकडे राब भाजतात. तुम्ही शहरातले असाल तर सांगतो. जिथे भाताचं रोप करायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, ऐनाच्या झाडाचे तोडून आणलेले टहाळ असं सगळं पसरायचं आणि पेटवायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप तरारून येतं. फाल्गुन-चैत्रात आमच्या भागात जिकडे बघाल तिकडे धूर. माझ्या लहानपणाला वास आहे तो त्या धुराचा.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी पंजाबात एका तळावर होतो, लढाऊ विमानांच्या तुकडीत, आणि फाल्गुनात सुट्टी घेऊन घरी आलो होतो. वडील तेव्हा नव्हतेच. आई एकटी, तारा गावातच दिलेली, दोन घरं सोडून. आठवडा राहीन म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. कारण? कारण काही नाही हो. कंटाळा आला होता. खरं सांगायचं ना? मग सांगतो — मला माझ्या घराचा कंटाळा यायचा. चुलीचा, अंधाराचा, तेच ते विचारणाऱ्या बायांचा. "साहेब, इमानात भीती नाय वाटत?" तळावर माझी मित्रमंडळी होती, मेसमधली गाणी होती, रविवारचं टेनिस होतं. मी आईला म्हटलं, तातडीचं बोलावणं आलंय. बोलावणं कुठून येणार? गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात, आणि वाणी दुपारपासून आमच्याच ओटीवर पान खात बसलेला!

आईने भाकरी बांधल्या, सुक्या बोंबलाची चटणी केली. जीप यायची वेळ झाली तेव्हा पदराने तोंड पुसत एकदम विचारलं — "आमच्यावरशी जातोस का रे कवा, इमान घेऊन?"

बघा आता. लढाऊ विमान म्हणजे काय आमची आसनगावची जीप आहे, कुठेही वळवायला? कुठून उडायचं, कुठे जायचं, किती उंचीवरून — सगळं ठरलेलं. शेणव्यावरून मी त्या नोकरीत कधी एकदाही गेलो नाही. पण तिचे डोळे भरले होते, आणि ती रडली असती तर मला अजून एक दिवस थांबावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, जातो की. दर शनिवारी जातो.

तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! तिने लगेच विचारलं, घर दिसतं का. एवढी शरम मला होती, की म्हटलं — घर नाही दिसत गो, बारीक असतं. पण राबाचा धूर दिसतो.

यात निम्मं खरं होतं. वरून धूर दिसतो, लांबून दिसतो. निम्मं खरं असलं की थाप पचते.

"मंग मी शनवारी धूर करीन," ती म्हणाली. "एक धूर दिसला का समज, आमचं सगळं बरं हाय. दोन दिसले का ये."

जीप आली. मी वाकून पाया पडलो आणि सुटलो.

मला वाटलं, विसरेल. ती विसरणारी नव्हती. दर शनिवारी सकाळी शेताच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग करून ती पेटवायची आणि बांधावर बसून राहायची, एखादं विमान आवाज करत जाईपर्यंत. आमच्या वरून मुंबईला उतरणारी प्रवासी विमानं जातात. ती तिला चालायची. तिच्या लेखी सगळ्यांत मीच. उठून हात हलवायची आणि घरी यायची. पावसाळ्यात धूर नाही. पावसाळ्यात शहाणी माणसं उडत नाहीत, असं तिनेच ठरवून टाकलं होतं.

पण उन्हाळ्यात पंचाईत झाली. सगळ्यांचेच राब पेटलेले, त्यात बारकूला आईचा धूर ओळखू कसा यायचा? मग ती घरोघर फिरली. शनिवारी कुणी राब लावू नका, माझा पोर जातो वरून. आणि गंमत बघा — लोकांनी ऐकलं! आमच्याकडे गावदेवीचा वार पाळतात, त्या दिवशी कुणी नांगर धरत नाही, विळा धरत नाही. त्यामुळे वार पाळणं म्हणजे काय, हे कुणाला समजावावं लागलं नाही. देवीचा एक वार होता, आता विमानाचा एक झाला. अख्ख्या गावाने माझ्या थापेचा वार पाळला. पुढच्या सुट्टीत हे कळलं तेव्हा मी हसलो. हो, हसलो. तळावर परतून मेसमध्ये सांगितलं, सगळे पोट धरून हसले. तेव्हा विनोद म्हणून सांगत होतो. पुढे तीच गोष्ट कशी कशी सांगितली ते येईलच.

त्याच वेळी सांगून टाकायला काय झालं होतं? आई, मी चेष्टा केली गो. एवढं वाक्य. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि ती फार सोयीची होती. आईने 'कवा येशील' हे विचारणं बंद केलं होतं. दर शनिवारी भेट होतच होती ना! मी वर्षातून दोनदा यायचो तो एकदा येऊ लागलो, मग दीड-दोन वर्षांनी. ती बिचारी तक्रार करेना. उलट लोकांना सांगायची, माझा पोर आठवड्याला येऊन बघून जातो.

एकदा धोंडूकाका भेटले, आमच्या शेजारच्या बांधाचे. त्या वर्षी शुक्रवारी आभाळ आलं होतं. सगळ्यांचे राब रचून, वाळून तयार. शनिवारी पेटवले असते तर साधलं असतं. कुणी पेटवले नाहीत. संध्याकाळी अवकाळी पाऊस आला आणि काकांचा राब चिखल होऊन बसला. म्हाताऱ्याला पुन्हा रानात जाऊन टहाळ तोडावे लागले. मला हे त्यांनी हसत सांगितलं. "तुझ्यापायी भिजला रे राब! पण तू बगितलास ना आयेचा धूर?"

मी म्हटलं, बघितला काका.

आणि अजून एक. एका भेटीत आईने नेहमीसारखं विचारलं, दिसतो ना नीट? आणि मी — का म्हणून, कोण जाणे, थाप जास्त खरी वाटावी म्हणून असेल — म्हटलं, गेल्या महिन्यात जरा कमी होता. बस्स. सहज तोंडातून गेलं. तारा नंतर म्हणाली, आई हल्ली रानातून डोक्यावर केवढा पाला आणते, ऐकत नाही, मानेला गाठ आलीय. मी ताराला म्हटलं, तू लक्ष देत जा तिच्याकडे. मी. तिला.

पुढे मी तुकडीचा प्रमुख झालो, मग आसामात एका तळाचा प्रमुख. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा दिल्लीत मुख्यालयात होतो. उडणं जवळपास बंद; खुर्ची उडवत होतो, फायलींवर फायली. हे आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शनिवार संपले असते, आणि शनिवार संपले असते तर मला घरी जावं लागलं असतं.

त्या वर्षी चैत्रात आईला कावीळ झाली. गावठी औषध झालं, पथ्य झालं. डोळे हळदीसारखे झाले, अन्न जाईना. तारा म्हणाली, चल कल्याणला मोठ्या इस्पितळात. आई म्हणाली, बारकू आला का त्याच्यासंगती जाईन. तारा म्हणाली, मग दादाला फोन करते. तर आईने तिला शपथ घातली. का, माहितीये? तिला वाटायचं, मी सदा विमानातच असतो. वाईट बातमी कानावर पडली आणि उडता उडता माझा हात थरथरला, तर? "फोन नको. धूर बगंल तो. धूर बगून गपगुमान खाली उतरंल आन् येल."

आणि तिने दोन धूर केले. उभं राहवत नव्हतं, म्हणून ताराला एक ढीग लावायला लावला आणि दुसरा स्वतः, बसत-सरकत. मग दोघी बांधावर बसल्या. विमान गेलं. आईने हात हलवला नाही — हे ताराने मला मुद्दाम सांगितलं — नुसती वर बघत राहिली, मी बघतोय की नाही ते बघत. घरी येऊन पिशवी भरून ठेवली, कल्याणला न्यायची. दुसरं लुगडं, तांब्या, डबीत अंगारा.

मी आलो नाही. पुढचा शनिवार आला. पुन्हा दोन धूर. गावात सगळ्यांनी पाहिले. बाया ओटीवर येऊन म्हणाल्या, आता येतोच बघा बारकू. त्याही शनिवारी मी दिल्लीत होतो, एका साहेबांच्या मुलीच्या लग्नात, लॉनवर, हातात सरबताचा ग्लास.

अखेर ताराने शपथ मोडली. वाण्याच्या दुकानातून फोन केला. मी मुंबईला उतरलो, गाडी करून थेट शेणव्याला. दुपार होती. आई ओटीवर निजली होती, इतकी लहान झाली होती की आधी मला नुसती गोधडीच दिसली. मी जवळ बसलो. तिने डोळे उघडले, माझ्या हाताला हात लावला, आणि काय आनंद झाला हो तिला! पिवळ्या तोंडावर हसू आलं.

"दिसला ना धूर?"

तारा उशाशी उभी होती. फोन तिनेच केला होता. मी काय म्हणायला हवं होतं? माझ्या ओठांवर आलं होतं सगळं, खरंच आलं होतं. आणि मी म्हटलं, दिसला गो. म्हणून तर आलो.

आईने हळूच विचारलं — रागाने नाही, लहान मूल विचारतं तसं — "मंग येवढा येळ का झाला रे?"

मी म्हटलं, "ढग होते."

चैत्रात. ओटीबाहेर ऊन रणरणत होतं, आभाळ स्वच्छ निळं, माहुलीच्या डोंगराचा सुळका न् सुळका मोजून घ्यावा असा दिसत होता. आणि मी ढग सांगितले कुणाला? जिचा जन्म आभाळ बघण्यात गेला तिला. पेरणी कधी, कापणी कधी, भात झोडायचं कधी, सगळं आभाळाला विचारून करणाऱ्या बाईला.

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझा हात थोपटला.

"आसतील," ती म्हणाली. "वरती आसतील. आमाला खालशी काय दिसतंय."

ताराने तांब्या उचलला आणि ती आत गेली.

कल्याणच्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का थांबलात? ताराने मान खाली घातली. मीही काही बोललो नाही, म्हणजे दोष ताराच्या पदरात पडला आणि मी तो पडू दिला. दोन आठवडे आधी आणलं असतं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. आई चार-पाच दिवस होती. त्या दिवसांत तिने धुराचा विषय पुन्हा काढला नाही. तिला कळलं होतं का? त्या एका क्षणात कळलं, की आधीपासूनच, वर्षानुवर्षं कळत होतं आणि तरी ती पाला वाहत होती? मी हा प्रश्न फार उलटापालटा केलाय. माझ्या सोयीचं उत्तर कोणतं हेही मला धड सांगता येत नाही.

आता वाटेल, इथे तरी थांबलो असेन. नाही हो.

मी वर चढत गेलो. एका कमांडचा प्रमुख झालो, खांद्यावरचे पट्टे रुंद झाले. तालुक्यात सत्कार सुरू झाले. शेजारच्या तालुक्यात, मुरबाडलाही एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. हार, शाल, श्रीफळ, शाळेच्या मुलींचं स्वागतगीत. सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी माइक हातात घेतला आणि माझ्या आईची गोष्ट सांगितली. धूर करणारी माता, आणि आकाशातून तो धूर पाहून शेवटच्या घटकेला धावत आलेला पुत्र. सभागृहात बाया रडत होत्या. मला वाटलं, आता उठावं आणि म्हणावं, अहो मास्तर, थांबा. मी उठलो. माइक धरला. आणि म्हणालो, "आजही विमानात बसलो की मी खाली धूर शोधतो."

टाळ्या थांबेनात. त्यानंतर ती गोष्ट माझीच झाली. नव्या वैमानिकांपुढे भाषण असलं की मी ती शेवटी ठेवायचो. आवाज कुठे खाली आणायचा तेसुद्धा बसलं होतं. ज्या गोष्टीवर एके काळी मेसमध्ये हसवलं, तिच्यावरच आता रडवत होतो. मुरबाडच्या त्या कार्यक्रमाला तारा पहिल्या रांगेत होती. घरी जाताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "दादा, बरा बोललास." त्यानंतर खिडकीबाहेर बघत बसली.

निवृत्तीनंतर मी शेणव्याला घर दुरुस्त करून घेतलं. वर्षातले काही महिने तिथे असतो. आईला जे दिलं नाही ते आता तिच्या भिंतींना देतोय, म्हणा. कंटाळा येत नाही आता. चुलीचा धूर डोळ्यांत गेला तरी बसून राहतो.

या चैत्रात मी स्वतः राब रचला. ताराच्या घरच्यांनी मदत केली, पण टहाळ मी तोडले, पाला मी पसरला. मान दुखली. शनिवारची सकाळ होती. मी मुद्दामच शनिवार धरला होता. ठरवलं होतं, आज पेटवायचा. लोक विचारतील, साहेब, आज कसा? मग सांगायचं सगळं. बांधावर, जिथे ती बसायची तिथे बसून सांगायचं. खोऱ्यात कुठेही धूर नव्हता. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शनिवारी अजून कुणी राब लावत नाही. धोंडूकाका गेले, त्यांचा मुलगाही लावत नाही. ज्यांनी आईला पाहिलंही नाही अशा नव्या सुना लावत नाहीत.

मी काडेपेटी काढली. काडी हातात धरली.

पलीकडच्या बांधावरून धोंडूकाकांचा मुलगा ओरडला, "ओ साहेब! काय करताव? आज शनवार!"

तारा न्याहारी घेऊन येत होती. ती वाटेतच उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. टोपली डोक्यावर, एक हात टोपलीला. तिला माहीत होतं मी काय करायला निघालोय. मी खात्रीने सांगतो, माहीत होतं.

मी म्हटलं, "अरे हो, विसरलोच की."

आणि काडेपेटी खिशात टाकली. ताराने टोपली उतरवली, मला भाकरी वाढली, वर चटणी ठेवली. आम्ही जेवलो. एक विमान गेलं. दोघांनीही वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी राब लावला. गावातल्या सगळ्यांचे लावून झाले होते, माझाच राहिला होता. वारा पडलेला होता. धूर सरळ वर गेला, कुठूनही दिसावा असा. एकच धूर. म्हणजे आमचं सगळं बरं आहे.